धूसर झालं की सांग

लिफ्टमध्ये आठ माणसं मावतात अशी पाटी होती, आणि आत साइमी एकटी उभी होती. दार उघडं. दाराबाहेर एक उंच माणूस, हातात भिजलेली लोकरी टोपी, खांद्यांवरून नोव्हेंबरचा अर्धा पाऊस आणि अर्धं बर्फ ओघळतंय.

"येतोस ना?" साइमीने विचारलं.

त्याने आत पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. मग पुन्हा आत, जणू विहिरीत पाणी किती आहे ते बघतोय.

"तू जा," तो म्हणाला. "मी पुढच्याने येतो."

"अरे, आठ जणांची जागा आहे!"

"हो ना... पण तू आहेस."

आता यावर माणसाने बोलायचं तरी काय? दार मिटलं आणि साइमी तिसऱ्या मजल्यापर्यंत एकटीच हसत गेली. ती सावो प्रांतातली. तिकडची माणसं लिफ्टमध्ये अनोळखी कुणी भेटलं, तर तीन मजल्यांत त्याच्या आत्याच्या गुडघ्यापर्यंत चौकशी करून मोकळी होतात. टाम्पेरेला येऊन तिला चार वर्षं झाली होती, तरी या इकडच्या, हॅमे प्रांतातल्या माणसांची काही सवय होत नव्हती. माणसं वाईट नाहीत हो, पण सगळं सावकाश. यांना सोमवारी विनोद सांगावा, म्हणजे गुरुवारी हसतात.

डोळ्यांच्या दवाखान्यात नऊची वेळ ज्याची होती तो पेशंट काही येईना. म्हणून साइमीने साडेनऊच्या आउनेआजींना आधी आत घेतलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आउनेआजी नाचाच्या शौकीन आणि तोंडाच्या तिखट. त्यांचं उरकलं, तेव्हा दाराबाहेरच्या खुर्चीवर तोच उंच माणूस टोपी पिळत बसलेला.

"उशीर झाला," तो म्हणाला. "लिफ्ट रिकामी मिळेना."

नाव इल्मारी उओतिला, वय चौतीस, अकॉर्डियन दुरुस्त करतो. लहानपणापासून दम्यासाठी घेतलेल्या गोळ्यांनी त्याच्या दोन्ही डोळ्यांत ऐन तारुण्यात मोतीबिंदू धरला. महिन्यापूर्वी ऑपरेशन होऊन नवी भिंगं बसली होती. आता डोळ्यात बसवायचं साधं भिंग म्हणजे ताठ कण्याचं काम. दूरचं छान दाखवतं, पण जवळचं पाहायचं म्हटलं की चढवा चष्मा. हे नव्या जातीचं भिंग मात्र डोळ्याच्या स्नायूंबरोबर आत जरासं हलतं आणि जवळचंही दाखवतं, असं बनवणारे छातीठोक सांगत होते. ते खरं की नुसत्या बाता, हे मोजणं साइमीचं काम. चोवीस पेशंट मोजायचे आणि उन्हाळ्याच्या तोंडावर हेलसिंकीत दोनशे डॉक्टरांपुढे उभं राहून निकाल सांगायचा. तिची पीएच.डी. त्या एका निकालावर टांगलेली होती.

"ही पट्टी गालाला टेकव," साइमीने सांगितलं. "त्यावरून हे कार्ड मी हळूहळू तुझ्याकडे सरकवणार. अक्षरं धूसर झाली की 'आता' म्हणायचं. बस, एवढा एकच शब्द."

"एकच?" त्याला हायसं वाटलेलं दिसलं.

कार्ड निघालं. साठ सेंटीमीटर. पन्नास. चाळीसला बहुतेक लोक बोलतात. आउनेआजी तर पंचेचाळीसलाच ओरडल्या होत्या. इल्मारी गप्प. तीस... वीस... साइमीने त्याच्या डोळ्यांत वाकून पाहिलं. करडे, शांत, तळ्यासारखे डोळे कार्डावर खिळलेले. मग ते एकदम कार्डावरून वर उचलले गेले आणि थेट तिच्या डोळ्यांना भिडले. तिचा हात चुकून पुढे सरकला आणि कार्ड त्याच्या नाकाला टेकलं.

"अं... दिसतंय?"

"बरं आहे."

"धूसर नाही?"

"तक्रार काही नाही."

"वाच बघू मग."

त्याने पाचही अक्षरं वाचली. एकेका अक्षरामध्ये इतका वेळ घेतला, की तेवढ्यात कॉफी झाली असती. पण वाचली बरोबर.

साइमीने वहीत लिहिलं, नऊ सेंटीमीटर; पट्टीवर त्याहून खालचा आकडाच नव्हता. असं तर शाळकरी पोरांना दिसतं! मग तिने त्याची हनुवटी यंत्रावर टेकवली. यंत्र बिचारं कुणाला काही विचारत नाही, थेट डोळ्यात बघून सांगतं. ते म्हणालं, भिंग हललेलं नाही. तिने यंत्र पुसलं. पुन्हा तेच. थोपटलं. तरी तेच.

"यंत्राला काय कळतंय!" मोठ्या डॉक्टरीणबाई हिल्लेवी आकडा बघून हरखल्याच. "अगं, पेशंट स्वतः सांगतोय ना दिसतंय म्हणून? टाम्पेरेचा चमत्कार आहे हा! हेलसिंकीत पहिला हाच दाखवायचा."

साइमीच्या मनात मात्र पाल चुकचुकली. एक तर यंत्र खोटं बोलत होतं, नाहीतर तो माणूस. आणि त्या माणसाचे डोळे काही खोटं बोलणाऱ्याचे वाटत नव्हते... म्हणून तिने त्याला पुन्हा बोलावलं. आणि मग पुन्हा. खरं तर सगळ्यांचे तीनच फेरे ठरले होते, पण इल्मारीचे हिवाळ्यात सात झाले. शास्त्रासाठी हं, निव्वळ शास्त्रासाठी! शास्त्रासाठीच साइमी त्या त्या दिवशी निळा स्वेटर घालायची.

तिसऱ्या खेपेला त्याने कोटाच्या खिशातून एक कागदी पुडकं काढून टेबलावर ठेवलं. गरम होतं. उघडलं तर आत रक्ताचं काळं सॉसेज, वर लाल बेरीचा मुरंबा.

"हे काय?"

"बाजारातलं आहे. तुला."

"लोक फुलं आणतात, इल्मारी."

त्याने विचार केला. "फुलं थंड असतात," तो म्हणाला.

साइमी सावोची, ती काय गप्प बसणार? पुढच्या खेपेला तिने आईने पाठवलेला कालाकुक्को काढला. राईच्या पावाच्या पोटात सबंध मासे भाजलेले, वीट म्हणून भिंतीत बसवता येईल असा.

"आमच्याकडची जेवायची पद्धत," ती म्हणाली. "कसा आहे?"

त्याने बराच वेळ चावलं. "काटे आहेत," तो म्हणाला. आणि मग घाईघाईने, म्हणजे त्याच्या मानाने घाईघाईने, "चांगले आहेत काटे."

"तुला आयुष्यात काही वाईट लागलंय की नाही रे?"

"एकदा," तो म्हणाला. "पण ते लोक अजून जिवंत आहेत. नाव घेत नाही."

ती खो खो हसली. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग पट्टी आली, कार्ड आलं. कार्ड सरकता सरकता तिचा चेहराही जवळ यायचा, त्याच्या शर्टाला लाकडाचा आणि मेणाचा वास यायचा, आणि 'आता' काही यायचं नाही. दर वेळी नऊ सेंटीमीटर. एरवी दोन मिनिटांत उरकणाऱ्या या परीक्षेला इल्मारीच्या बाबतीत अर्धा तास का लागतो, हे साइमीने स्वतःला विचारायचं टाळलं.

मे महिना उजाडला. तळ्यावरचं बर्फ गेलं. हेलसिंकीची सभा तीन दिवसांवर आली आणि आउनेआजी शेवटच्या तपासणीला आल्या.

"आता! आता म्हणतेय ना, बहिरी आहेस का?" त्या पंचेचाळीसवरच खेकसल्या. "कसलं मेलं तुमचं नवं भिंग! सुईत दोरा ओवायला अजून शेजारणीला बोलवावं लागतं."

"सगळ्यांचं तसं नाही हं, आजी. आमच्या एका पेशंटला नाकापर्यंत दिसतं. तुमच्या ओळखीचा असेल, अकॉर्डियनवाला इल्मारी."

आउनेआजींनी हातातली पर्स खाली ठेवली. "इल्मारीला? अगं, माझ्या नवऱ्याचा अकॉर्डियन त्याच्याकडेच दुरुस्तीला आहे. परवा गेले होते, तर गडी नाकावर दोन चष्मे चढवून बसलेला. एकावर एक! वर हातात भिंग. तुला टोपी घातली त्याने, पोरी."

साइमीने कोट चढवला आणि तडक त्याचं दुकान गाठलं. दारावरची घंटी वाजली तरी त्याने मान वर केली नाही. पुढ्यात अकॉर्डियनचा भाता उलगडून ठेवलेला, चिमट्यात सुराची बारीकशी पोलादी जिभली. नाकावर चष्मा, त्या चष्म्यावर दुसरा चष्मा, हातात भिंग.

"नऊ सेंटीमीटर काय रे?" साइमी दारातूनच म्हणाली.

इल्मारीने आधी भिंग खाली ठेवलं. मग एक चष्मा काढला. मग दुसरा.

"कॉफी?" तो म्हणाला.

"कॉफी गेली खड्ड्यात! कार्ड नाकाला लागलं तरी तुला दिसत होतं म्हणे?"

"दिसत होतं."

"स्पष्ट?"

कोपऱ्यातल्या भात्यातून थोडी हवा सुटली.

"तक्रार नव्हती," तो म्हणाला.

"आणि अक्षरं? ती कशी वाचलीस?"

"ढगाएवढी दिसायची. पण ढगाचाही आकार असतो... अंदाजाने."

"अरे पण का? का असं केलंस?"

एवढा मोठा प्रश्न त्याला बहुधा वर्षभरात कुणी विचारला नसावा. तो हातातला चिमटा पुसत राहिला. मग म्हणाला, "पहिल्या दिवशी मी बाहेर बसलो होतो. आत आउनेबाई ओरडल्या. आणि तू उसासा टाकलास... खूप मोठा. मला वाटलं, कुणीतरी एवढ्या मनापासून काही करतंय, आणि आपण आल्या आल्या त्यात खोट काढायची? बरं दिसत नाही ते."

साइमीला हसावं की रडावं कळेना. शेवटी तिला रडूच आलं, आणि रडू आलं म्हणून रागही आला.

"मला बरं वाटावं म्हणून तू माझं सगळं काम पाण्यात घातलंस, इल्मारी! शुक्रवारी मी दोनशे लोकांपुढे उभी राहून सांगणार, बघा चमत्कार. ते ऐकून उद्या कुणीतरी हे भिंग बसवून घेईल, आणि त्याला स्वतःच्या पोरीची चिठ्ठी वाचता येणार नाही. मला नाही हवं असलं बरं वाटणं. मला खरं सांगणारा माणूस हवाय."

शेवटचं वाक्य तिला वाटलं होतं त्याहून मोठं निघालं.

"उद्या येतो," इल्मारी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टचं दार मिटणार तोच एक मोठा हात मध्ये आला. इल्मारी आत शिरला. साइमी एका कोपऱ्यात, तो दुसऱ्या कोपऱ्यात, दोघांची नजर दारावर. दुसरा मजला गेला.

"गर्दी वाटतेय?" साइमीने विचारलं. आवाजात कालचा राग थोडा उरला होता.

त्याने श्वास आत ओढून घेतल्यासारखं काहीतरी केलं. "थोडी," तो म्हणाला. "खरं सांगायचंय ना."

मग पट्टी. मग कार्ड. साठ. पन्नास. त्याच्या कपाळावर घाम आला. हा पुन्हा गप्प बसला तर शुक्रवारी साइमी तोंड दाखवू शकणार नव्हती. पंचेचाळीस. त्रेचाळीस...

"आता!"

असा ओरडला, की शेजारच्या खोलीतून हिल्लेवी धावत आल्या. काय पडलं, काय फुटलं? फुटला होता तो चमत्कार. त्रेचाळीस सेंटीमीटर. एवढं साध्या भिंगानेही दिसतं. यंत्र पहिल्या दिवसापासून खरं बोलत होतं.

साइमीने आकडा खोडून नवा लिहिला. हिल्लेवी निघून गेल्या. इल्मारी उठून उभा राहिला, टोपी पिळायला लागला. बाहेर लख्ख ऊन होतं आणि टोपी कोरडी होती.

"मग... संपलं?"

"संपलं. आता यायची गरज नाही तुला."

ती थांबली. त्याने तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. साइमी मनातल्या मनात म्हणत होती, बोल ना रे, एक तर शब्द बोल...

"बरं," तो म्हणाला आणि जिन्याने गेला.

हेलसिंकीत साइमीने खरं तेच सांगितलं. भिंग हलत नाही. पट्टीवरचे निकाल फुगतात, कारण पट्टी माणसाच्या शब्दावर चालते, आणि "आमचे पेशंट फार सभ्य आहेत". डॉक्टर हसले, आणि तेही चक्क त्याच दिवशी. सभेनंतर तीन जण तिच्याकडे येऊन म्हणाले, आमच्याकडेही यंत्र आणि पट्टी जुळत नव्हती, आता कळलं का. परतीच्या गाडीत हिल्लेवी पहिला तास फुगून बसल्या. दुसऱ्या तासाला म्हणाल्या, "अगं, चमत्कारापेक्षा हेच बरं निघालं." पीएच.डी. वाचली. साइमीला मात्र काही गोड लागेना. पट्टी हातात घेतली की तिला लाकडाचा आणि मेणाचा वास आठवायचा.

जूनमधल्या एका शनिवारी आउनेआजींचा फोन आला. "आज तळ्याकाठच्या मंडपात नाच आहे. ये. घरात बसून मासे चघळत झुरू नकोस."

"मी कुठे झुरतेय?"

"बरं बाई, नाही झुरत. निळा घाल काहीतरी."

संध्याकाळचे सात वाजले होते आणि ऊन दुपारसारखं होतं. बर्चची पानं चकाकत होती, डास भरात आले होते. लाकडी मंडपात एका भिंतीला बायका ओळीने उभ्या, समोरच्या भिंतीला पुरुष. मध्ये रिकामी फळ्यांची जमीन. पुरुषांच्या ओळीत शेवटी इल्मारी होता, इस्त्रीचा पांढरा शर्ट, ओले केस. साइमीला बघून त्याच्या कानाच्या पाळ्या आधी लाल झाल्या, मान नंतर हलली.

तासभर नाच चालला. पुरुष येत होते, बायकांना घेऊन जात होते, दोन गाणी नाचून पुन्हा त्यांच्या जागेवर पोचवून देत होते. तीच रीत. इल्मारी चारदा एक पाऊल पुढे आला आणि चारदा मागे गेला. पाचव्यांदा आउनेआजींनी कपाळाला हात लावला.

तेवढ्यात वाजवणाऱ्यांच्या डोक्यावरची पाटी उजळली : बायकांची निवड. म्हणजे आता उठून विचारायला जायची पाळी बायकांची.

साइमी सरळ चालत गेली. वीस पावलं. सगळ्या मंडपाने मोजली असतील.

"येतोस ना?" तिने विचारलं.

या वेळी त्याने इकडेतिकडे पाहिलं नाही. "येतो," म्हणाला.

टँगो सुरू झाला. इल्मारी बोलायला कसाही असो, नाचायला ताठ आणि अचूक होता, सुरातल्या माणसासारखा. पहिलं गाणं हातभर अंतर राखून झालं. दुसऱ्या गाण्याला साइमीने चेहरा थोडा जवळ नेला.

"हे त्रेचाळीस," ती म्हणाली. "धूसर झालं की सांग."

तीस. वीस. तो गप्प. तिचे केस त्याच्या हनुवटीला लागले.

"इल्मारी! पुन्हा खोटेपणा?"

"नाही."

"मग धूसर होत नाहीये का?"

"केव्हाच झालंय."

"मग 'आता' का म्हणत नाहीस?"

उत्तर यायला अर्धं गाणं गेलं. साइमीने वाट पाहिली. चार वर्षांत पहिल्यांदा तिला वाट पाहणं जमलं.

"'आता' म्हटलं की तू थांबतेस," तो तिच्या कानाशी म्हणाला. "मला ते थांबणं नकोय. तेव्हाही... नको होतं."

साइमीचं पाऊल चुकलं आणि ती त्याच्या बुटावर सबंध उभी राहिली. त्याने तक्रार केली नाही.

"आणि तो उसासा? तू तर म्हणालास, उसाशामुळे!"

"उसासा पहिल्या खेपेला," तो म्हणाला. "बाकीच्या सहा खेपा... तूच."

"मग मीही खरं सांगते," साइमी म्हणाली. "मी कार्ड मुद्दाम हळू सरकवायचे."

"माहीत आहे. आउनेबाई दोन मिनिटांत बाहेर यायच्या."

दुसरं गाणं संपलं. रीतीप्रमाणे जोडपी पांगली, बायका आपापल्या जागी पोचल्या, पुरुष समोरच्या भिंतीला गेले. फळ्यांवर उरले ते दोघेच. इल्मारीने तिचा हात सोडला नव्हता. साइमी वाट बघत होती, की आता हा सभ्यपणे मान झुकवणार, 'बरं' म्हणणार, आणि तिला तिच्या भिंतीशी नेऊन उभं करून जाणार.

"इल्मारी!" आउनेआजींनी मुद्दाम हाक मारली. "अरे, पोचव तिला जागेवर! रीत आहे ना?"

सगळा मंडप बघत होता. इल्मारीने तोंड उघडलं. मिटलं. मग पुन्हा उघडलं.

"नाही," तो म्हणाला. चांगला मोठ्याने, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असा. "नाही पोचवणार. मला ही आवडते."

कुणी काही बोललं नाही. हॅमेचीच माणसं ती. फक्त अकॉर्डियन वाजवणाऱ्याने न सांगता तिसरं गाणं धरलं. साइमीने इल्मारीची मान खाली ओढली आणि आपलं नाक त्याच्या नाकाला टेकवलं.

"दिसतंय काही?" तिने विचारलं.

"काही नाही," इल्मारी म्हणाला. "अजिबात काही दिसत नाही."